ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीसाठी इंजिन ऑइल: मोटुल ८१०० एक्स-सेस ५डब्ल्यू-४०, दीड वर्षाच्या वापरानंतर

कोकणात मोटारींचा ट्रॅक नाही, त्यामुळे रत्नागिरीत राहून ही हौस करणाऱ्याला घाट चढण्यावाचून गत्यंतर नसते. मी वर्षातून दोनदा कोइंबतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेला जातो. हातखंबा, साखरपा, आंबा घाट, कोल्हापूर, हुबळी, बंगळूर असा अकराशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता कापायचा, तेथील २.१ किलोमीटरच्या ट्रॅकवर दोन दिवस गाडी पिळून काढायची आणि त्याच गाडीने घरी परतायचे, असा हा क्रम आहे. ट्रेलर नाही आणि दुसरी गाडीही नाही. उरलेले सगळे महिने हीच गाडी मारुती मंदिरापासून मिरकरवाडा बंदरापर्यंत मासळी आणायला आणि मुलांना शाळेत सोडायला जाते. हे आधीच सांगतो, कारण माझ्या गाडीतले तेल ट्रॅकवरच्या त्या चार दिवसांनी जेवढे ठरते तेवढेच या उरलेल्या महिन्यांनी ठरते, आणि बाजारात मिळणारा सल्ला बहुतेक वेळा यांपैकी एकच बाजू पाहून दिलेला असतो.

गाडी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आहे, १.२ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ पीएस (अश्वशक्ती), आणि मी ती जुनी घेतलेली आहे. टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) आहे याचा अर्थ असा, की इंजिनातले तेल केवळ पिस्टन आणि क्रँकला (पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या मुख्य दांड्याला) वंगण देत नाही, तर एक्झॉस्टच्या उष्णतेत अत्यंत वेगाने फिरणाऱ्या टर्बोच्या शाफ्टलाही तेच तेल सांभाळावे लागते. कंपनीने या इंजिनासाठी फोक्सवॅगन ५०२ ०० या मानकाचे तेल सांगितले आहे. मोटुल घेण्यापूर्वी मी हे मानक गांभीर्याने घेतले नव्हते, आणि त्याची किंमत मोजता मोजता थोडक्यात वाचलो.

झाले असे, की पहिल्या वर्षी निघण्यापूर्वी एका गॅरेजमध्ये (नाव घेत नाही) तेल बदलून घेतले. बिलावर योग्य दर्जाच्या सिंथेटिक तेलाचा उल्लेख होता. प्रत्यक्षात कोपऱ्यातल्या बॅरलमधून मापाने काढलेले तेल इंजिनात गेले होते, हे मी स्वतः पाहिले आणि तरीही गप्प बसलो. ट्रॅकवर दुसऱ्या दिवशी दुपारी, एका लांब वळणात गाडी बाहेरच्या चाकांवर झुकलेली असताना, ऑइल प्रेशरचा लाल दिवा क्षणभर लुकलुकला. पुढच्या वळणात पुन्हा तेच. मी पाय उचलला, गाडी सावकाश पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या थांब्यावर) आणली, पाच मिनिटे थांबून तेलाची पातळी पाहण्याची काडी (डिपस्टिक) काढली, तर तेल खालच्या खुणेच्याही किंचित खाली होते. निघताना ते वरच्या खुणेवर होते, म्हणजे सुमारे बाराशे किलोमीटरमध्ये एक लिटरच्या आसपास तेल उडाले किंवा जळाले होते.

त्या दिव्याचा खरा अर्थ मला नंतर उलगडला. लांब वळणात चेंबरमधले (इंजिनाच्या तळाच्या भांड्यातले) तेल बाहेरच्या भिंतीकडे धावते, आणि ते आधीच कमी असेल तर पंपाची जाळी उघडी पडून पंप तेलाऐवजी हवा ओढतो. अशा वेळी इंजिनात जगातले सर्वांत महागडे तेल असले तरी त्याचा उपयोग नसतो, कारण ते बेअरिंगपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून तेलाच्या परीक्षणात मी पहिला मुद्दा हाच मांडतो, की ट्रॅकवर तेल किती उरते हे ते किती चांगले आहे याच्याआधी पाहावे. तेल उडण्याचे प्रमाण नोआक या चाचणीने मोजतात. त्यात २५० अंश सेल्सिअसवर एक तास तापवल्यानंतर तेलाचे वजन किती टक्के घटले ते पाहतात. एपीआय या अमेरिकन पेट्रोलियम संस्थेच्या एसपी या दर्जाला १५ टक्क्यांपर्यंत घट चालते, तर एसीईए या युरोपातील मोटार उत्पादकांच्या संघटनेच्या ए३/बी४ या दर्जाला १३ टक्क्यांपर्यंतच. फरक किरकोळ वाटतो, पण चार लिटरच्या आसपास तेल मावणाऱ्या इंजिनात तो काडीवर दिसतो.

परत आल्यावर मी तेलाच्या मार्गात तापमानाचा स्वतंत्र सेन्सर बसवून घेतला. डॅशबोर्डवरचा काटा पाण्याचे तापमान दाखवतो आणि तो नव्वदवर खिळवल्यासारखा राहतो. तेलाचे काय चालले आहे ते त्यावरून समजत नाही. सेन्सर लावल्यावर दिसले, की महामार्गावर तेल ९५ ते १०० अंशांवर असते, आंबा घाट चढताना १०५ ते १०८ पर्यंत जाते आणि ट्रॅकवर पाचव्या-सहाव्या फेरीला १२८ ओलांडते. सर्वांत जास्त १३४ पाहिले आहे, आणि त्या फेरीनंतर मी एक पूर्ण फेरी सावकाश मारून बाहेर आलो. कोणते तेल घ्यावे या प्रश्नाचे निम्मे उत्तर या आकड्यांत आहे. ज्याने आपल्या तेलाचे तापमान पाहिलेलेच नाही, त्याने जाड तेल घ्यावे की पातळ यावर वाद घालणे म्हणजे ताप न मोजता औषधाचे डोस ठरवण्यासारखे आहे.

डब्यावरचे ३०, ४०, ५० हे आकडे १०० अंशांवरच्या जाडीचे आहेत: ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (जाडी मोजण्याचे एकक), ४० म्हणजे १२.५ ते १६.३. ट्रॅकवर मात्र तेल १०० वर नसते. नेहमीच्या ५डब्ल्यू-४० तेलाचे आकडे घेऊन हिशेब केला, तर १३० अंशांवर त्याची जाडी आठ सेंटिस्टोकच्या जवळ उरते, म्हणजे साधारण ११५ ते १२० अंशांवरच्या ५डब्ल्यू-३० एवढी. दुसऱ्या शब्दांत, एक पायरी जाड तेल घेतल्याने इंजिनाला दहा-पंधरा अंशांची सवलत मिळते, त्याहून अधिक काही नाही. माझ्या गाडीला नेमकी तेवढ्याच सवलतीची गरज होती, म्हणून ४०.

पहिल्या आकड्याबद्दल, म्हणजे ५डब्ल्यू, १०डब्ल्यू, १५डब्ल्यू यांबद्दल, कोकणात फार डोके खपवण्याचे कारण नाही. ५डब्ल्यू तेलाची थंडीतली चाचणी उणे ३० अंशांवर होते आणि १५डब्ल्यूची उणे २० वर. रत्नागिरीत जानेवारीच्या पहाटेही अंगावर शाल पुरते. उलट एक बारीक मुद्दा असा, की ५ आणि ४० या दोन आकड्यांमधले अंतर जेवढे जास्त, तेवढे ते टिकवण्यासाठी तेलात घातलेले पॉलिमर जास्त असण्याची शक्यता, आणि हे लांबट रेणू गिअर-पंप-बेअरिंगच्या चरकात तुटत जाऊन तेल कायमचे पातळ होते. या तर्काने १५डब्ल्यू-५० हे आमच्या हवेला आणि ट्रॅकला अधिक शोभेल असे मलाही काही काळ वाटत होते. ते घेतले नाही, कारण ५०२ ०० सारख्या कारखान्याच्या मानकांत याच पातळ होण्याची परीक्षा अंतर्भूत असते, आणि ती परीक्षा उत्तीर्ण झालेले तेल सोडून केवळ आकड्यावरून दुसरे निवडणे मला पटले नाही.

जाड तेलाच्या मोहाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आमच्या भागात तो फार आहे. बंदराजवळच्या ज्या दुकानात मी फिल्टर घेतो, तेथे ट्रॉलरच्या डिझेल इंजिनांसाठी १५डब्ल्यू-४० तेलाच्या वीस लिटरच्या बादल्या भिंतीला लावून ठेवलेल्या असतात. मी ट्रॅकचे बोललो तेव्हा दुकानदार काका सहज म्हणाले, "अहो, ह्याच घाला. बोट दहा दहा दिवस दर्यात असते, काय होत नाय." त्यांचा अनुभव खोटा नाही. बोटीच्या इंजिनाला ते तेल उत्तमच, कारण ते इंजिन एका ठराविक गतीवर तासन् तास चालते आणि त्यातून निघणारी काजळी धरून ठेवण्यासाठी त्या तेलात सफाईची द्रव्ये मुद्दाम भरपूर घातलेली असतात. मिनिटाला सहा हजार फेऱ्यांपर्यंत (आरपीएम) चढउतार करणाऱ्या लहान टर्बो पेट्रोल इंजिनाची गरज निराळी आहे. गंमत अशी, की गरम झाल्यावर दोन्ही तेले ४० याच आकड्याची. "बोटीचे तेल जाड असते" हा समज निम्मा तरी बादलीच्या आकारावरून आलेला असावा.

दुसरा मोह १०डब्ल्यू-६० चा. बीएमडब्ल्यूच्या एम या वेगवान मॉडेलांच्या काही इंजिनांना कंपनीने स्वतः ते सांगितले होते, आणि तेव्हापासून "रेसिंग म्हणजे ६०" असे समीकरण रूढ झाले आहे. परंतु ती इंजिने त्या तेलासाठी घडवलेली होती. लहान इंजिनाच्या घट्ट बेअरिंगमध्ये इतके जाड तेल घातले, तर प्रेशरचा आकडा सुरेख दिसतो, प्रवाह मात्र कमी होतो. तेल स्वतःच्या घर्षणाने तापते, आणि बेअरिंगमधली उष्णता वाहून नेण्याचे जे त्याचे दुसरे काम आहे ते मंदावते. प्रेशर म्हणजे प्रवाहाला होणारा विरोध, हे लक्षात ठेवले की हा मोह बराचसा ओसरतो.

मग निवड कशावरून करायची? माझ्या मते एका आकड्यावरून, जो डब्यावर छापलेला नसतो, पण डब्यावरच्या मानकात दडलेला असतो. १५० अंशांवर आणि अत्यंत वेगवान घर्षणात तेलाची जाडी किती उरते हे मोजतात, त्याला एचटीएचएस म्हणतात. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामधल्या केसभर फटीत जी परिस्थिती असते, तिच्या सर्वांत जवळ जाणारी ही चाचणी आहे. साध्या ५डब्ल्यू-३० तेलाला येथे २.९ मिलिपास्कल-सेकंद एवढे किमान पुरते. इंधनबचतीसाठी ते मुद्दाम खाली ठेवलेले असते. ए३/बी४ लिहिलेल्या तेलाला मात्र, मग ते ३० असो वा ४०, किमान ३.५ गाठावेच लागते. त्यामुळे दुकानात दोन ५डब्ल्यू-३० डबे शेजारी ठेवलेले असले, तरी ट्रॅकच्या दृष्टीने ती दोन निरनिराळ्या जातींची तेले असू शकतात. डबा फिरवून मागची बारीक अक्षरे वाचावीत, ती पुढच्या चित्रापेक्षा अधिक प्रामाणिक असतात.

८१०० एक्स-सेस ५डब्ल्यू-४० या कसोटीला उतरते: ए३/बी४ आहे आणि फोक्सवॅगन ५०२ ०० ची मान्यता आहे. याच कसोटीला शेल हेलिक्स अल्ट्रा ५डब्ल्यू-४० आणि मोबिल १ चे ०डब्ल्यू-४० हीसुद्धा उतरतात, आणि त्यांपैकी एखादे तुमच्या गावात खात्रीने अस्सल मिळत असेल तर मोटुलसाठी वणवण करू नये असे मी स्पष्टपणे म्हणेन. मी मोटुल घेतले, कारण कोल्हापूरच्या वितरकाकडून सीलबंद डबा हातात मिळतो आणि आंबा घाटाने जातायेता तो उचलता येतो. एवढे साधे कारण आहे.

आता प्रत्यक्ष अनुभव. या तेलावर गाडी तीनदा ट्रॅकवर गेली. तापमान बॅरलच्या तेलाएवढेच चढते. तेल बदलल्याने इंजिन थंड राहते असा दावा कोणी केला तर तो मानू नये, त्यासाठी ऑइल कूलर लागतो. फरक पडला तो दोन ठिकाणी. एक, दोन दिवसांत वर घालावे लागणारे तेल तीनशे मिलिलिटरच्या आसपास राहिले. दोन, सहा-सात फेऱ्यांनंतर पिटमध्ये उभ्या गाडीचे इंजिन आयडलवर जो खडखडाट करी, तो जवळजवळ गेला. लाल दिवा पुन्हा दिसला नाही, पण त्याचे श्रेय मी तेलाला देत नाही. आता मी दर सत्राआधी काडी पाहतो आणि पातळी वरच्या खुणेवर ठेवतो. खुणेच्या वर मात्र नाही, कारण जादा तेल क्रँकने घुसळले जाऊन त्यात फेस होतो, आणि फेसाला वंगण म्हणत नाहीत.

घरी परतल्यावर मी एक जुनी युक्ती करतो. काडीवरचा एक थेंब पांढऱ्या गाळणकागदावर सोडायचा आणि रात्रभर सपाट जागी ठेवायचा. सकाळी मध्यभागी काळसर ठिपका, त्याभोवती तपकिरी वर्तुळ आणि कडेला फिकट पिवळी झालर दिसते. झालर रुंद आणि तेलकट असेल, तर पेट्रोल मिसळल्याचा संशय घ्यावा. मधला ठिपका टोकदार कडेचा आणि डांबरासारखा झाला असेल, तर तेलाची घाण धरून ठेवण्याची ताकद संपली. प्रयोगशाळेची सर याला नाही. तरीही ट्रॅकच्या दुसऱ्या खेपेनंतरच्या कागदावर झालर स्पष्टपणे रुंदावलेली होती आणि काडीला पेट्रोलचा वास येत होता, म्हणून मी ठरल्यापेक्षा आधीच तेल काढून टाकले. थेट इंधन फवारणाऱ्या टर्बो इंजिनात हे होतेच. काही पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरते आणि ४० चे तेल गुपचूप ३० होऊन बसते.

ट्रॅकचे तेल कोकणात वर्षभर कसे वागते, हा भाग मला कुठे लिहिलेला आढळला नाही. जून ते सप्टेंबर आमच्याकडे हवा ओली असते आणि गाडीच्या फेऱ्या तीन-चार किलोमीटरच्या. इंजिन धड गरम होण्यापूर्वीच बंद होते, आत साचलेली वाफ बाहेर पडत नाही, आणि ऑगस्टमध्ये तेलाचे झाकण उघडले की आतल्या बाजूला ताकावर आलेल्या लोण्यासारखा पिवळट थर चिकटलेला असतो. पहिल्यांदा पाहिल्यावर हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाचे सील) गेली या शंकेने माझ्या पोटात गोळा आला होता. ती केवळ पाण्याची आणि तेलाची घुसळण होती. रविवारी पालीपर्यंत एक लांब फेरी मारली की बरीचशी नाहीशी होते.

याच कारणाने मी मोटुलच्याच ३००व्ही या स्पर्धेच्या तेलाचा नाद सोडला. ते एस्टर या कृत्रिमरीत्या बनवलेल्या रसायनांवर आधारलेले, ट्रॅकसाठी निःसंशय वरच्या दर्जाचे तेल आहे, पण ते स्पर्धेसाठी आहे. त्यावर फोक्सवॅगनची मान्यता नाही, आणि एस्टरला पाण्याशी दीर्घ सहवास मानवत नाही. शर्यत संपली की तेल काढून टाकणाऱ्याने ते जरूर वापरावे. मासळी बाजाराच्या फेऱ्या मारणाऱ्या आणि आषाढभर दारात भिजणाऱ्या गाडीला ते वाया जाते. तसे पाहिले तर स्पर्धेच्या तेलात एस्टर येण्यापूर्वीचा जमाना आपल्या घरच्या एरंडेलाचा होता; कॅस्ट्रॉल हे नावसुद्धा एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच पडले. तापलेल्या धातूला ते घट्ट धरून राहत असे आणि लवकर चिकट होत असे, म्हणून तेही वारंवार बदलावे लागे.

घाटाबद्दल एक इशारा. टर्बो इंजिनात कमी आरपीएमवर जास्त जोर पडला, तर ठिणगीच्या आधीच सिलिंडरमध्ये पेट घेण्याचा प्रकार होतो, आणि तेलातली कॅल्शियमयुक्त सफाईद्रव्ये त्याला हातभार लावतात. एपीआयच्या एसपी दर्जात, जो २०२० मध्ये आला, याची स्वतंत्र चाचणी आहे. ए३/बी४ च्या जोडीला एसपी लिहिलेला डबा मिळाला तर तोच घ्यावा. ट्रॅकवर आरपीएम सतत वर असल्याने हा धोका तेथे नसतो. तो असतो साखरप्याच्या पुढे, जेथे गिअरबॉक्स इंधन वाचवण्याच्या नादात वरचा गिअर धरून बसतो. मी तेथे मॅन्युअलमध्ये जाऊन एक गिअर खाली घेतो.

या तेलाबद्दल तक्रारी नाहीत असे नाही. डब्यावरचे "१०० टक्के सिंथेटिक" हे शब्द तेल कशापासून बनले ते सांगत नाहीत. १९९९ मध्ये अमेरिकेत जाहिरातींच्या वादात निवाडा झाल्यापासून, खनिज तेलावर हायड्रोजनची कडक प्रक्रिया करून मिळवलेल्या तेलालाही बहुतेक देशांत सिंथेटिक म्हणता येते, आणि ग्राहकाला त्यातले प्रमाण कळण्याचा मार्ग नाही. हा आक्षेप एकट्या मोटुलवर नाही, पण किमतीकडे पाहता मोकळेपणाची अपेक्षा चुकीची ठरू नये. ५ लिटरचा डबा मला चार हजारांच्या आतबाहेर पडतो आणि साधे खनिज तेल त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात येते. शिवाय रत्नागिरीत तो हमखास मिळत नाही. एकदा घाईत दुसरीकडून घेतलेल्या डब्याच्या झाकणाची कडी आधीच सैल होती आणि तळाशी बॅच क्रमांक पुसट होता. मी तो डबा न उघडता परत केला, पैसे मिळवायला तीन खेपा घालाव्या लागल्या.

बदलण्याचा माझा क्रम असा आहे: ट्रॅकला निघण्यापूर्वी नवे तेल आणि नवा फिल्टर, परत आल्यावर कागदावरचा थेंब पाहून निर्णय, आणि काहीही झाले तरी पाच हजार किलोमीटरच्या पुढे नाही. पावसाळ्यापूर्वीची एक बदली वेगळी, गाडी कितीही कमी चाललेली असो. इंजिनात चार लिटरच्या आसपास तेल जाते, त्यामुळे ५ लिटरच्या डब्यात जवळपास एक लिटर उरते. ते मी टाकीत उरलेल्या पेट्रोलसारखे मोजून, छोट्या नरसाळ्यासह डिकीत ठेवतो. कारी मोटर स्पीडवेच्या पिटमध्ये दुपारी दोनच्या उन्हात काडी खालच्या खुणेकडे सरकू लागते, तेव्हा तेच कामी येते.